पेल्यावरचं 'चि.'

आमच्या घरातला एक माणूस पन्नासच्या वर वर्षं मेला नाही, कारण चांदीच्या एका पेल्यावर तसं लिहिलेलं होतं. ऐकणाऱ्याला हे खुळचट वाटेल. वाटू दे. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, ऱ्हस्वदीर्घावरून पोरांचे कान पिळले, आणि घरात मात्र एका अक्षराने एका बाईचा जन्म गिळला तो उघड्या डोळ्यांनी पाहिला.

तो माणूस म्हणजे माझा थोरला भाऊ. आमचं गाव तापीकाठचं, प्रकाश्याच्या पुलाच्या अलीकडे. गावातून फौजेत गेलेले दोन-चार होते, पण ते शिपाई म्हणून. हा अधिकारी झाला. ते कळलं त्या दिवशी मायने पायातले चांदीचे तोडे उतरवले आणि आबांसमोर ठेवले. आबा म्हणजे माझे वडील. म्हणाली, "यासनं मन्हा पोऱ्याले कायतरी करा." आबांनी नंदुरबारच्या सोनाराकडे देऊन पेला घडवून आणला. साधाच होता, बुडाशी जड, काठाखाली एक बारीक रेघ. पोटावर भावाचं नाव कोरलेलं आणि नावाआधी 'चि.' आबांनी सोनाराला नुसतं नाव सांगितलं होतं. 'चि.' सोनाराने आपल्याच मनाने घातलं. लग्नामुंजीच्या भांड्यांवर नावं घालून घालून त्याच्या हाताला तेच वळण लागलेलं. बाकी काही नाही.

भाऊ पेला बघून खूश झाला. मायच्या पाया पडला आणि मागच्या दारी येऊन मला म्हणाला, "बाकीना लोके असा पेलामा काय पेतस ते मायले नको सांगू. मी दूधच पेस." आणि स्वतःच्याच बोलण्यावर असा हसला की माय आतून विचारायला आली, काय झालं म्हणून. घरात तो टिकायचा नाही. सुटीवर आला की पहाटेच नदीवर. पोहत पलीकडे जायचा आणि तिकडच्या वाळूतल्या वाडीवाल्याकडून डांगर, म्हणजे खरबूज, घेऊन, डांगर पुढे ढकलत ढकलत परत यायचा. वाटेत अर्धं पाणी पोटात गेलेलं असायचं, तरी घरी येऊन आधी माठाकडे धाव. त्याला तहान फार. माय म्हणायची, हा पोऱ्या पूर्ण तापी पिऊन बसला तरी याचा घसा कोरडाच राहील.

त्याचं लग्न झालं त्याच वर्षी लढाई झाली, एकाहत्तरची. वहिनी शहाद्याकडची, एकोणीस वर्षांची. लग्नाची सुटी आणि मध्ये एकदा धावत येऊन गेला तेवढाच काय तो त्यांचा संसार. दोघं एकमेकांशी धड बोलायलाही लागली नव्हती. वहिनी त्याच्या ताटात भाकरी वाढताना मान वळवून उभी राहायची आणि तो मुद्दाम मीठ मागायचा. मीठ दिलं की पुन्हा पाणी. मला त्यांची गंमत वाटायची.

लढाई थांबल्यावर तार आली की तो बेपत्ता आहे. पुढे एक साहेब घरी आले. ओट्यावर बसून हिंदीत बोलले. रात्री तुकडी घेऊन तो पुढे गेला होता, समोरून गोळीबार झाला, त्यातलं कोणी परतलं नाही. शव हाती लागलं नाही, पण आशा धरू नका, असं ते आबांचा हात धरून म्हणाले. मायला त्यातलं 'नहीं मिला' एवढंच नीट कळलं. काही दिवसांनी काळी लोखंडी पेटी आली. तिच्यात त्याचे कपडे, बूट, दाढीचं सामान आणि पेला. पेल्याला एक पोचासुद्धा पडला नव्हता.

पेटी उघडली तेव्हा गल्लीतल्या बाया घरात जमलेल्या होत्या. कशासाठी ते सगळ्यांना माहीत होतं. वहिनीला मधल्या खोलीत पाटावर बसवलं होतं. कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या. मायने पेला हातात घेतला, पालथा केला, सुलटा केला आणि मला म्हणाली, "काय लिखेल शे? वाच." मायला अक्षर ओळखता येत नव्हतं. मी शाळेत जाणारी पोर. मी वाचलं, चिरंजीव, आणि मग भावाचं नाव.

माझं काय चुकलं? जे होतं तेच वाचलं.

माय म्हणाली, "सरकारनी लिखी धाडं. मन्हा पोऱ्या जित्ता शे."

आबांनी समजावलं. "अवं, हाऊ आपलाच पेला शे. सोनारनी लिखेल शे ते."

"तुम्हीन सांगं व्हतं का सोनारले?"

"नही."

"मंग कोन सांगं?"

 आबा साधे माणूस. सोनाराच्या हाताची सवय ही काय मायसमोर सांगायची गोष्ट होती? माय तशीच पेला घेऊन मधल्या खोलीत गेली आणि जमलेल्या बायांना म्हणाली, "जित्ता मानूसवर रडाले उन्यात का? उठा. मन्हा घरमा कोनी रडानं नही." वहिनीने हंबरडा फोडायला तोंड उघडलेलं मी पाहिलं आहे. तिने ते मिटलं. बाया एकेक करून उठल्या आणि चपला घालून घरी गेल्या.

त्या दिवसापासून वहिनी सवाष्ण राहिली. सरकारदरबारी ती विधवा, उंबऱ्याच्या आत सौभाग्यवती. रोज सकाळी कपाळभर कुंकू, हिरव्या बांगड्या, वटपौर्णिमेला वडाला फेऱ्या. कोणाच्या आयुष्यासाठी, ते विचारायची कोणाची छाती नव्हती. सव्वीस जानेवारीला तहसीलमधून सत्काराचं बोलावणं आलं, वीरपत्नी म्हणून. मायने आलेल्या माणसाला ओट्यावरूनच परतवून लावलं. दिवाळीत भाऊबीजेला धाकट्या भावाच्या शेजारी आणखी एका पाटावर पेला ठेवायचा आणि मी त्याला ओवाळायचं. लग्न होऊन नंदुरबारला आले तरी दर भाऊबीजेला मी त्यासाठी गावी जायचे. ज्यांना भाऊ नसतो त्या चंद्राला ओवाळतात. थोरल्याच्या नावाने मला चंद्राला ओवाळायचं नव्हतं. मला माझा भाऊ पाटावर बसलेला हवा होता, आणि पेला तिथे चमकत असायचा.

वहिनीचा भाऊ तिला न्यायला आला होता. लढाईनंतर दोनेक वर्षांनी असेल. भला माणूस. ओट्यावर बसून त्याने हलक्या आवाजात बोलणं काढलं की बहीण लहान आहे, एक चांगलं स्थळ आहे, बिजवर आहे पण माणूस सज्जन आहे, तुमची परवानगी असेल तर.  आबा तेव्हा 'हो' म्हणणार होते असं मला आजही वाटतं. तेवढ्यात माय मांडीवर पेला घेऊन दारात येऊन बसली. "जित्ता नवरानी बाईले दुसरं घर देखतस का तुम्हनाकडे?" तो माणूस चहा न पिता उठला. वहिनी आत तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही, पण त्या संध्याकाळी भातात खडे निघाले आणि मायने तिला घालूनपाडून बोलून घेतलं.

माय वाईट नव्हती. मला तिचा राग येतो तेव्हा हे मी स्वतःला मुद्दाम सांगते. पोटचा गोळा गेला आणि तिने हाताला लागलं ते धरलं. पण धरलं ते वहिनीच्या गळ्याशी.

रोज घासून घासून पेल्यावरची अक्षरं झिजायला लागली. घासायची वहिनीच. मायला नाव वाचता येत नव्हतं, पण 'चि.' ओळखता यायचं. ते एकच अक्षर ती जन्मात शिकली. ते पुसट वाटलं की ती एसटीत बसून नंदुरबारला यायची, मला बरोबर घ्यायची आणि सोनाराच्या दुकानात बोट ठेवून सांगायची, एवढंच खोल कर. नाव झिजलं तरी चालेल, ते मला पाठ आहे, म्हणायची. असं किती वेळा झालं असेल. नाव हळूहळू गेलं, आडनावाचा एक काना तेवढा राहिला आणि 'चि.' मात्र काल कोरल्यासारखं.

आणि आखाजी. आमच्या खान्देशात अक्षय्य तृतीयेला पितरांना पाणी देतात. कुंभाराची कोरी घागर आणायची, भरायची, वर डांगर ठेवायचं, पुरणपोळी आणि आमरसाचा नैवेद्य, आणि निखाऱ्यावर तूप सोडून गेलेल्यांची नावं घ्यायची. याला आगारी म्हणतात. वैशाखाचा तो उन्हाळा, जमीन तापलेली, आणि गेलेल्या माणसांना त्या दिवशी पाणी मिळतं ही त्यामागची समजूत. आमच्याकडे आजोबांची आगारी व्हायची, पणजोबांची व्हायची, पुढे आबा गेले, मग माझा धाकटा भाऊही गेला, त्यांची व्हायला लागली. थोरल्याचं नाव कोणी घेतलं नाही. आखाजीच्या दिवशी माय पेला उचलून कपाटात बंद करायची, घागरीची सावलीसुद्धा त्यावर पडू नये म्हणून.

माय गेली तेव्हा मी जवळ होते. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "पुसू देऊ नको." काय पुसायचं नाही ते सांगायची गरज नव्हती. मी मान हलवली. मरणाऱ्या माणसापुढे दुसरं काय करणार?

तिच्यामागे सगळं तसंच चालू राहिलं, निव्वळ सवयीने. घर आता धाकट्या भावाच्या मुलाच्या हातात आहे. केळी, कापूस, थोडी पपई. पोरगा कष्टाळू आहे, मला फुई म्हणतो, म्हणजे आत्या, आणि वहिनीला मोठमाय. तिला कधी उणं पडू दिलं नाही त्याने. पेला देवघराशेजारच्या कोनाड्यात असायचा. गल्लीतल्या नव्या सुनांना वाटायचं, मोठमायचे मालक कुठेतरी बाहेरगावी असतील.

यंदा चैत्रात वहिनीला दम लागायला लागला. दवाखान्यात ठेवावं लागलं. हृदय थकलंय, सांभाळून राहा, असं डॉक्टर म्हणाले. घरी आणल्यावर मी चार दिवस राहायला गेले. दुपारी दोघीच होतो. ती खाटेवर पडलेली, मी पंख्याखाली पेपर वाचत. ती म्हणाली, "बाई, ते अक्षर मोडी टाक."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा माझं डोकं सणकलं. "येडी झायी का तू? या वयात?"

"दवाखानामा मन्हा बाजूनी बाई गई," ती म्हणाली. "तिना मालक जित्ता व्हता. तिले हिरवं लुगडं नेसाडं, वटी भरी, कपायभर कुंकू. सवाष्ण गई, पुण्यवान शे, आशे लोके म्हने. माले बी तसंच नेतीन."

"मग नेऊ देत. चांगलंच आहे की."

"माले नको." तिने हे इतकं सरळ सांगितलं की मी पेपर खाली ठेवला. "मी तठे गऊ आनि त्या माले भेटनात, ते काय सांगू? पन्नास वरीस कुंकू लावं, पन पानी दिन्हं नही? बठ्ठासले आखाजीले पानी भेटस. त्यासले कोनी दिन्हं?"

बठ्ठासले म्हणजे सगळ्यांना. आणि 'त्या' म्हणजे तिचे मालक, माझा भाऊ.

"त्यासले तहान लई," वहिनी म्हणाली.

मी मायला शब्द दिलाय, असं मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. ती उठून बसली, दम लागला तरी उठून बसली. तिचा आवाज मात्र चढला नाही. ती म्हणाली, "तुन्ही माय गई, बाई. मन्हा जलम बी गया. आते मरापहिले माले त्यासनी रांड तरी होऊ दे."

रांड म्हणजे विधवा, पण आमच्याकडे हा शब्द शिवीसारखा फेकतात. ती तो मागून घेत होती. मी शहाणीसुरती, शिकलेली बाई, मला तोंड वर करता येईना. मी उठून माठाचं पाणी प्याले.

संध्याकाळी शेतातून आल्यावर भाच्याला सांगितलं. तो गोंधळला. "फुई, गावेगाव ठराव होई ऱ्हायनात विधवा प्रथा बंद करा म्हनीसन. आनि आपन आते नव्यानी सुरू करानं?" त्याचं बरोबर होतं. कुंकू पुसायला लावणं वाईट, हे मीही भाषणात सांगितलेलं आहे. पण पुसू न देणं हे कुठल्या ठरावात बसतं ते मला सांगता येईना. वहिनी दारात उभी होती. ती म्हणाली, "माले कोनी पुसाले सांगी नही ऱ्हायनं, पोऱ्या. मी सांगी ऱ्हायनू." त्याने मान खाली घातली आणि हो म्हणाला.

पेला घेऊन मी नंदुरबारला आले. जुना सोनार कधीच गेला, दुकान नातवाचं. बाहेर मिरचीचा ठसका हवेत, दुकानात येणारा प्रत्येक जण खोकत होता. नातवाने पेला उजेडात धरला आणि म्हणाला, हे अक्षर फार खोल गेलंय, कानशीने घासलं तर भोक पडेल, पाणी राहणार नाही. डाग देऊन बुजवतो, तिथे जरा काळपट दिसेल. चालेल म्हटलं. त्याने चांदीचा तुकडा वितळवून त्या अक्षरात भरला. माझ्या डोळ्यांदेखत 'चि.' गेलं. मी समजत होते मला काही वाटणार नाही. पण भाऊबीजेच्या पाटावर आता कोण बसेल, हेच मनात आलं आणि मला त्या पोराच्या दुकानात खुर्ची मागावी लागली.

"वर काय घालू?" त्याने विचारलं. "शहीद घालू का, आजी? आता तसंच घालतात."

"कै. घाल," मी म्हटलं. "आणि नाव पुन्हा नीट घाल. पूर्ण."

"तारीख?"

"तारीख माहीत नाही."

 तासाभराने पेला दिला. नवं नाव लखलखीत होतं. एवढ्या वर्षांनी ते पहिल्यांदा कोणालाही वाचता येण्यासारखं झालं होतं.

आखाजीला मी सकाळीच गावी गेले. बाहेर लिंबाला झोके बांधलेले, माहेरवाशिणींची गाणी चाललेली. घरात भिंतीशी घागरी मांडल्या होत्या आणि शेवटी एक जास्तीची, कोरी. ती वहिनीने स्वतः भरली. तांब्या तांब्याने, दम खात. कोणाला हात लावू दिला नाही. मग पेला बुडवून काठोकाठ भरला आणि घागरीसमोर ठेवला. भाचा निखाऱ्याशी बसला, तूप सोडत नावं घेऊ लागला. पणजोबा, आजोबा, त्याचे वडील. तिथे तो थांबला. वहिनी त्याच्याकडे बघत होती. त्याने घसा साफ केला आणि थोरल्या काकाचं नाव घेतलं. निखाऱ्यावर तूप चरचरलं, धूर झाला, एवढंच.

वहिनीने पदराचं टोक पेल्यातल्या पाण्यात भिजवलं आणि कपाळ पुसलं. एकदा पुसून गेलं नाही, वर्षानुवर्षांचा डाग तो, तीनदा पुसावं लागलं. बांगड्या फोडल्या नाहीत. हाताला साबण लावून एकेक उतरवली आणि भिंतीशी ठेवली. मी म्हटलं, झालं, आता जरा पड. तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं काही सांगते आहे.

आणि ती रडायला लागली. आमच्याकडे बाया जशा रडतात तसं, हेल काढून, शब्द लावून, गेलेल्याला हाका मारत. एकोणीस वर्षांच्या पोरीने मिटलेलं तोंड ते. माझ्यापेक्षा मोठी, धाप लागून थकलेली ही बाई, एवढा आवाज तिच्यात कुठे होता? डॉक्टरांनी सांगितलेलं मला आठवलं आणि मी तिला थांबवायला हात पुढे केला. मग हात मागे घेतला.

बाहेरची गाणी बंद पडली. झोक्यावरच्या पोरी, शेजारच्या बाया, चुलीवरचं तसंच टाकून धावत आल्या. असं रडणं ऐकलं की आमच्याकडे कोणी विचारत बसत नाही, दार ओलांडून आत येतात. घर भरून गेलं. दोघी-तिघी वहिनीच्या गळ्यात पडल्या आणि तिच्याबरोबर रडू लागल्या, कोणासाठी ते न विचारता. उंबऱ्याशी एक नवी सून उभी होती, हाताला पुरण लागलेलं. घाबरून तिने मला हळूच विचारलं, "कोन गयं, आजी?"

"मन्हा भाऊ," मी म्हटलं.

"अरे देवा. कवय?"

"आज," मी सांगितलं, आणि तिने सरकून मला बसायला जागा करून दिली.